चमचाभर ब्रेक ऑइल

गाडी जागेवर उभी आहे, इंजिन चालू आहे. ब्रेकचं पेडल दाबा. आधी थोडं सैल जातं, मग पायाला घट्ट लागतं. जरा जोर दिलात तर पाय एकूण सहाएक सेंटीमीटर खाली गेला असेल. एवढ्या हालचालीत चाकांकडे ब्रेक ऑइल किती ढकललं गेलं असेल? हिशोब पुढे मांडतोच, पण उत्तर आधी सांगतो: साडेपाच-सहा मिलीलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. तोही चार चाकांत वाटून. बाराशे किलोची गाडी थांबते ती या चमचाभर ऑइलच्या जोरावर.

ब्रेकची रचना समजून घ्यायची तर हा चमचा डोळ्यासमोर ठेवावा. सुटे भाग पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. यातला प्रत्येक भाग एक तर त्या चमचाभर ऑइलला ढकलतो, नाही तर त्याला गळू न देता, उकळू न देता आणि हवा मिसळू न देता चाकापर्यंत पोचवतो.

मुळातला नियम सतराव्या शतकातला, ब्लेझ पास्कलचा. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. आता या भांड्याच्या एका तोंडाशी बारीक पिस्टन बसवा आणि दुसऱ्या तोंडाशी जाड. दर चौरस सेंटीमीटरवरचा दाब दोन्हीकडे तोच, पण जाड पिस्टनचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्याच्यावर एकूण जोरही जास्त. फुकट मात्र काही मिळत नाही. जोर जितक्या पटीने वाढतो, तितक्याच पटीने अंतर कमी होतं. बारीक पिस्टन बराच सरकतो तेव्हा जाड पिस्टन कुठे जरासा हलतो.

आकडे घालून पाहू. गाडीगणिक ते बदलतात, पण अंदाज यायला एवढे पुरे. पायाने १० किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे, ती जोर चौपट करते: ४० किलो. पुढे बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या मदतीने जोर वाढवणारा डबा, त्याचे आणखी चौपट करतो: १६० किलो. हा जोर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य नळकांड्याच्या, पिस्टनवर येतो. त्याचा व्यास २२ मिलीमीटर धरला तर क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटीमीटर. म्हणजे ऑइलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४२ किलो दाब तयार झाला. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधला, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी (डिस्क) धरणाऱ्या चिमट्यातला, पिस्टन ५४ मिलीमीटरचा, क्षेत्रफळ जवळपास २३ चौरस सेंटीमीटर. गुणाकार केला की साडेनऊशे किलोच्या वर जातो. पाय दिला दहा किलोने, पॅड, म्हणजे डिस्कला घासणारी वडी, डिस्कवर दाबला गेला टनाला टेकलेल्या जोराने.

आता अंतराची बाजू. पेडल ६ सेंटीमीटर गेलं, तरफ चौपट म्हणून मास्टर सिलिंडरचा पिस्टन सरकला फक्त दीड सेंटीमीटर. दीड गुणिले ३.८, म्हणजे ५.७ मिलीलिटर. हाच तो चमचा. त्यातलं काही ऑइल पाइप नि रबरी होज किंचित फुगण्यात जातं, काही कॅलिपर स्वतःच थोडा ताणला जातो त्यात. पॅडला डिस्कपर्यंत जायला मिलीमीटरचे काही दशांशच हवे असतात, म्हणून हा तुटपुंजा पुरवठा पुरतो.

पुरतो, पण शिल्लक फारशी नसते. समजा पाइपात कुठे तरी एक मिलीलिटर हवा अडकली आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. ४२ किलोच्या दाबाखाली तो बुडबुडा जवळजवळ नाहीसा होतो आणि ती जागा भरायला आपल्या चमच्यातलं एक मिलीलिटर खर्ची पडतं. पेडलवर मोजलं तर ते एक सेंटीमीटर होतं. असे चार-पाच मिलीलिटर बुडबुडे असले की पेडल तळाला टेकायला येतं आणि ब्रेक नावालाच उरतो. ‘ब्रेकने हवा धरली’ असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्यात हे गणित असतं.

या साखळीतला बूस्टर जरा वेगळा गडी आहे. तो जोर वाढवतो, पण त्याच्या बदल्यात पायाकडून जास्त अंतर मागत नाही, कारण त्याची मेहनत इंजिन करतं. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या पत्र्यावर काळा, चपटा, पातेल्यासारखा गोल डबा दिसतो, तोच हा. आत रबरी पडदा आहे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना जी पोकळी तयार करतं, ती एका नळीने या डब्यात आणलेली असते. पाय पेडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोकळीच असते, म्हणून पडदा स्वस्थ. पेडल दाबलं की छोटी झडप उघडते आणि पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. आता एका बाजूला वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. पडदा २५ सेंटीमीटर व्यासाचा असेल आणि दाबातला फरक दर चौरस सेंटीमीटरला ०.७ किलो असेल, तर जवळपास ३४० किलोचा धक्का मिळतो. तोही नुसत्या हवेकडून. डिझेल इंजिनात अशी पोकळी आपोआप मिळत नाही, म्हणून तिथे वेगळा पंप असतो. इलेक्ट्रिक गाड्यांत विजेवरचा पंप किंवा थेट मोटरवर चालणारा बूस्टर असतो.

बूस्टर ठीक आहे का हे घरबसल्या कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे आतली साठलेली पोकळी संपेल आणि पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर बूस्टरकडे, त्याच्या नळीकडे किंवा त्या नळीतल्या झडपेकडे बघायला हवं. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग असतात, त्यांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. साठलेल्या पोकळीवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर सगळा भार एकट्या पायावर.

बूस्टरच्या नाकाशी मास्टर सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावर ऑइलची अर्धपारदर्शक टाकी. मला या सगळ्यात हा भाग सर्वात हुशारीचा वाटतो. आतल्या पिस्टनला रबराचा कप असतो, गॅरेजमध्ये त्यालाच वायसर म्हणतात. त्याची कड ऑइलच्या दाबाने सिलिंडरच्या भिंतीला चिकटते, म्हणजे जितका जास्त दाब तितकी घट्ट पकड. पेडल सुटलेलं असतं तेव्हा कपाच्या जरा पुढे एक बारीक छिद्र टाकीकडे उघडं असतं. पिस्टन पहिला एखादा मिलीमीटर सरकला की कप ते छिद्र ओलांडतो, टाकीची वाट बंद होते आणि तिथून पुढे दाब चढायला लागतो. पेडलची सुरुवातीची थोडीशी सैल चाल यासाठीही लागते. कुणी उत्साहाच्या भरात ती चाल पूर्ण काढून टाकली तर छिद्र कायमचं झाकलेलं राहतं. गाडी चालून ऑइल तापतं, फुगतं, त्याला टाकीकडे परतायला वाट मिळत नाही आणि पाय न लावता ब्रेक धरून बसतात. गाडी ओढत नाही म्हणून लोक इंजिनात दोष शोधत राहतात.

एका सिलिंडरमध्ये पिस्टन मात्र दोन असतात, एकामागे एक. दोघांचं ऑइल वेगळं, पाइप वेगळे. अनेक गाड्यांत एक पिस्टन पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक सांभाळतो, तर दुसरा उरलेली तिरकी जोडी. काहींत पुढची जोडी एकाकडे आणि मागची दुसऱ्याकडे असते. एका बाजूचा पाइप फुटला तर त्या बाजूचा पिस्टन बिनदाबाचा पुढे जाऊन थेट टेकतो आणि दुसरी बाजू काम करत राहते. पेडल बरंच खाली जातं, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, पण थांबते. एकेकाळी सगळी चाकं एकाच पिस्टनवर असायची आणि एक होज फुटला की चारही ब्रेक जायचे. अमेरिकेने १९६८पासून नव्या मोटारींना दुहेरी व्यवस्था सक्तीची केली.

त्याही आधी तर ऑइलच नव्हतं, लोखंडी दांडे आणि तारा होत्या. प्रत्येक चाकाची तार सारखी ताणून ठेवणं ही रोजचीच कटकट. एक तार ढिली पडली की गाडी ब्रेक लावताच एका बाजूला धावायची. माल्कम लॉकहीड या माणसाने १९१७ साली द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट मिळवलं. पुढे विमानांसाठी जे आडनाव गाजलं ते याच कुटुंबाचं. १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. द्रवाचा खरा फायदा जोर वाढवण्याइतकाच वाटणीचा होता. दाब सगळीकडे सारखा म्हणजे डावं-उजवं आपोआप जुळतं, तारा ताणत बसायला नको.

पाइपांबद्दल थोडक्यात. गाडीच्या अंगाने जाणारे पाइप पोलादी, पेन्सिलीपेक्षाही बारीक. चाक वरखाली होतं, वळतं, तिथे शेवटच्या फुटा-दीड फुटाला रबरी होज. पोलादी पाइप बाहेरून गंजतो, म्हणून दोष दिसतो तरी. होज आतून सडतो. आतला थर सोलवटून झडपेसारखा आडवा येतो, मग ऑइल जोराने जातं पण परत येत नाही आणि ते एक चाक धरून राहतं.

आता कॅलिपर. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, आणि कॅलिपर म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, डिस्क तर हलत नाही, म्हणून उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर आपल्या पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. या पिनांवरचं ग्रीस वाळलं की कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड झिजून पत्र्याला लागतो आणि बाहेरचा नवाकोरा राहतो. पॅड काढल्यावर दोघांची जाडी शेजारी धरून पाहावी, त्यात सगळा इतिहास असतो.

कॅलिपरच्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. मग पाय काढल्यावर तो मागे येतो कसा? पिस्टनभोवती खाचेत रबराची एक रिंग असते, नेहमीसारखी गोल नाही, चौकोनी काटाची. ऑइल गळू नये हे तिचं उघड काम. पण पिस्टन पुढे जाताना ही रिंग त्याला धरून ठेवते आणि स्वतः पिळवटते. दाब गेला की पीळ सुटतो आणि ती पिस्टनला तेवढंच, केसभर, मागे आणते. पॅड डिस्कपासून जेमतेम सुटतो. पॅड झिजला तर पिस्टनला रिंगच्या पिळाच्या आवाक्याबाहेर जावं लागतं. मग तो रिंगमधून थोडा घसरतो आणि पाय काढल्यावर तेवढाच केसभर मागे येतो, पण आता नव्या जागेवरून. म्हणजे झीज कितीही झाली तरी अंतर तेच. थोड्याशा रबरात गळती रोखणं, मागे ओढणं आणि झीज भरून काढणं अशी तीन कामं बसवली आहेत. मी तरी एवढ्या साध्या वस्तूकडून इतकं काम करून घेतलेलं दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

यातूनच टाकीची एक गंमत निघते. पिस्टन बाहेर येत जातो तशी त्याच्या मागची जागा वाढते आणि ती टाकीतल्या ऑइलने भरते. दोन्ही पॅड मिळून १४ मिलीमीटर झिजले तर ५४ मिलीमीटरच्या पिस्टनमागे ३२ मिलीलिटर ऑइल जातं. पुढच्या दोन्ही चाकांचं मिळून ६० मिलीलिटरच्या वर. म्हणून पातळी हळूहळू उतरत असेल तर आधी पॅड बघावेत. नुसतं वरून ऑइल ओतत राहिलात तर नवे पॅड बसवताना पिस्टन आत दाबल्यावर टाकी भरून वाहते, आणि हे ऑइल गाडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं. पातळी दोन-चार दिवसांत झपकन उतरली तर मात्र गळती आहे.

मागच्या चाकांना अनेक गाड्यांत अजून ड्रम असतो. तिथे व्हील सिलिंडरमधले दोन छोटे पिस्टन दोन बुटांना, म्हणजे ब्रेक शूंना, बाहेर ढकलतात आणि त्यांच्यावरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात. ड्रमच्या फिरण्याने पुढचा शू ड्रमकडे आणखी खेचला जातो, म्हणून कमी जोरात चांगली पकड मिळते. तोटा असा की उष्णता आतच कोंडते. हँडब्रेकही बहुधा इथेच लागतो. हाताने ओढायचा असला तर तो तारेवर चालतो, ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ते मुद्दामच तसं आहे.

मागे लहान ब्रेक चालतो, कारण ब्रेक लावताच गाडी पुढे झुकते. पुढच्या चाकांवर भार वाढतो, मागची हलकी होतात. म्हणून कामाचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा. मागच्यांना तेवढाच दाब दिला तर ती चाकं जाम होऊन गाडीचा मागचा भाग फिरतो. पूर्वी मागचा दाब मोजूनमापून सोडायला एक झडप असायची, आता ते काम एबीएसचा संगणक करतो. एबीएस म्हणजे प्रत्येक चाकाचा वेग पाहणारे सेन्सर आणि वाटेत बसवलेल्या झडपांचा गठ्ठा. चाक जाम होतंय असं दिसलं की त्या चाकाचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा द्यायचा, सेकंदाला कित्येक वेळा. पंप ऑइल मागे ढकलतो, म्हणून पायाला धडधड जाणवते. घाबरून पाय काढायचा नाही, दाबून धरायचं. १९७८मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस आली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

पण हे सगळं ज्याच्या भरवशावर, त्या ऑइलकडे मालकाचं लक्ष सर्वात कमी असतं. पहिली गोष्ट, ते तेलच नाही. ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. त्याच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं तर सगळे वायसर फुगून निकामी होतात आणि अख्खी व्यवस्था उकलावी लागते. दुसरी गोष्ट उष्णतेची. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची म्हणजे जवळपास ४६० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलायची. एवढ्यात दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. चार सेकंदांत थांबलात तर ब्रेकनी सरासरी दीडशेहून जास्त अश्वशक्तीचं काम केलं. लहान गाडीच्या इंजिनात तेवढा दम नसतो. ही सगळी धग पॅडच्या मागे, पिस्टनला टेकलेल्या ऑइलच्या शेजारी तयार होते.

ऑइल उकळलं तर वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. पुन्हा तोच चमचा, तोच हिशोब. म्हणून डब्यावर डॉट ३, डॉट ४ असे दर्जे छापतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण हे रसायन हवेतली ओल शोषतं, होजच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हेच आकडे १४० आणि १५५वर आलेले चालतात. शोषतं हे एका परीने बरंच. न शोषणाऱ्या द्रवात पाण्याचा थेंब सुटा राहून कॅलिपरच्या तळाशी बसला असता, गंज आणला असता आणि १०० अंशांना उकळला असता. त्याची किंमत एवढीच की ऑइल सुमारे दोन वर्षांनी बदलावं, गाडी कमी चालली असली तरी. लांब घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसण्यापेक्षा खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यावी, तेही याचसाठी.

पेडल नीट ऐकलं तर बरंच सांगतं. स्पंजासारखं दबतंय आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतंय, तर हवा. सिग्नलला पाय स्थिर असताना हळूहळू खाली सरकतंय आणि बाहेर गळती कुठेच नाही, तर मास्टर सिलिंडरचे वायसर आतल्या आत ऑइल सोडतायत. दगडासारखं कडक झालं तर बूस्टर. साध्या ब्रेकलाही पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. कर्कश किरकिर येत असेल तर बऱ्याचदा ती पॅडला मुद्दाम लावलेली पत्र्याची पट्टी असते; पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते.

हवा काढण्याचं काम एकदा तरी जवळून पाहावं. एक जण आत सीटवर, दुसरा चाकाशी. कॅलिपरच्या वरच्या टोकाला एक निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. “दाब.” आतला तीन-चारदा दाबतो. “आता धरून ठेव.” खालचा पान्याने निपल पाव वळसा सैल करतो, नळीतून ऑइल फुसकन येतं, त्यात बुडबुड्यांची माळ, आणि आतल्याचा पाय तळाला जातो. “सोडू?” “थांब!” निपल आवळल्याशिवाय पाय सोडला तर बाहेर आलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. आवळलं. “हां, सोड.” जुनं ऑइल चहासारखं काळपट येतं, मग हळूहळू फिकट पिवळं, मग बुडबुडे थांबतात. बहुतेक गाड्यांत सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, काहींचा क्रम वेगळा असतो, तो पुस्तिकेत दिलेला असतो. एक डोळा मात्र सारखा वरच्या टाकीवर ठेवायचा. बोलण्याच्या नादात ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडर हवा गिळतो, आणि मग पुन्हा पहिल्या चाकापासून.